कादंबऱ्यांची कपाटं माळ्यावर का जाऊ नयेत

आमच्या गावच्या वाचनालयाची वार्षिक सभा यंदा गणपतीच्या आदल्या रविवारी झाली. तासाभरात तिचं भांडण झालं. विषय साधा होता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांना अभ्यासिका हवी आहे, वाचनालयाची खोली एकच, तेव्हा कथा, कादंबरी आणि कवितेची चार कपाटं माळ्यावर न्यायची आणि खाली टेबलं मांडायची. ठराव मांडणारा मुलगा हुशार आहे, दोनदा पूर्वपरीक्षा पास झालेला. तो म्हणाला, "कादंबऱ्या वाचून गावात कोणाचं काय भलं झालं ते सांगा, मी ठराव मागे घेतो." त्याला उत्तर द्यायला आमच्या वयाचे तिघे-चौघे उठले. वाचनाने संस्कार होतात, माणूस विनम्र होतो, हल्लीची पोरं वाचत नाहीत म्हणूनच मोठ्यांचा मान ठेवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ते सांगताना एका गृहस्थांनी त्या मुलाला तीन वेळा "खाली बस" म्हणून गप्प केलं. शेवटी मुलगा बसला, पण बसताना म्हणाला, "तुम्ही इतकं वाचलंत, आणि मला एक वाक्य पुरं करू देत नाही." सभेत कोणी काही बोललं नाही. ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला.

तेव्हापासून हा वाद माझ्या डोक्यातून जात नाही, कारण दोन्ही बाजू तो चुकीच्या जागी उभ्या राहून घालताहेत असं मला वाटतं. मुलगा विचारतो, फायदा काय? ज्येष्ठ म्हणतात, संस्कार. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. साहित्य नम्रता शिकवत नाही, आणि शिकवायला गेलं की ते साहित्य राहत नाही. पण माणूस जन्मभर ज्या एकाच ओटीवर बसून जगाकडे बघतो, तिथून त्याला उठवून दुसऱ्याच्या अंगणात नेऊन बसवण्याचं काम गोष्ट आणि कविता करू शकतात. उठायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. पण उठवणारं कोणी गावात असलंच पाहिजे, आणि ते माळ्यावर असून चालणार नाही.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण आमच्या बाजूचे लोक ते कधीच मान्य करत नाहीत. वाचणारा माणूस नम्र होतो, याला इतिहासात काही आधार नाही. लांब कशाला, आपल्याच कोकणातलं महाड घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत हा समाजसुधारक बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचं ठरवलं. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यायले, तोवर तो ठराव कागदावरच होता. त्यानंतर ज्यांनी ते तळं 'शुद्ध' करून घेतलं ती काय अडाणी माणसं होती? 'सर्वांभूती एकच आत्मा' हे त्यांच्या रोजच्या पोथीत होतं. वकील गाठून दावा लावण्याइतकं त्यांना वाचता-लिहिता येत होतं, आणि तो दावा १९३७ पर्यंत चालला. ग्रंथ घरात असण्याने, तोंडपाठ असण्यानेसुद्धा माणूस तसूभर हलत नाही, याचा याहून धडधडीत पुरावा काय हवा?

मात्र याच महाडात नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंत चित्रे हे उच्चवर्णीय सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले होते. पोथ्या त्यांच्याही कानावरून गेलेल्या असणार. त्याच गावात, त्याच शब्दांतून एकाला सोवळं सापडलं आणि दुसऱ्याला माणूस सापडला. तेव्हा पुस्तकाचं नाव सांगून काही सिद्ध होत नाही. वाचणारा ते कशासाठी उघडतो, यावर सगळं अडतं.

दुसरंही एक कबूल करतो. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन आलं होतं. उत्तम ललित साहित्यातला थोडासा मजकूर वाचला तरी दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमता वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. वाचनप्रेमी मंडळींनी तो डोक्यावर घेतला. पुढे इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही, आणि ते २०१६ मध्ये छापूनही आलं. मला याचं दुःख झालं नाही. चार पानं वाचून माणूस बदलत असता, तर कादंबरी औषधाच्या दुकानात मिळाली असती. एका दुपारच्या प्रयोगात हे मोजता येणार नाही, कारण ही गोष्ट कित्येकदा तीस वर्षांनी घडते. माझ्या बाबतीत ती तीस वर्षांनीच घडली.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवायचो. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'तलं 'अळणी भाजी' मी किती वर्गांना वाचून दाखवलं असेल, मोजदाद नाही. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील ती भाजी काही न बोलता, उलट चांगली झाली म्हणत जेवतात. मुलंही गप्प राहतात. नंतर आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं, आणि ती हळहळते. दर वर्षी मी वर्गाला एकच प्रश्न घालायचो: थोर कोण, वडील की आई? मुलं वाद घालायची, आणि मग मी समजावून सांगायचो की वडिलांचा संयम थोर आणि आईची तळमळही थोर. उत्तर तयार होतं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं की तास संपायचा.

निवृत्तीनंतर आम्ही वाचनालयात शनिवारी संध्याकाळी सामुदायिक वाचन सुरू केलं. काजूच्या फॅक्टरीतल्या पाच-सहा बायका सुटल्यावर घरी जाताना थांबतात. टरफलातल्या तेलाने त्यांची बोटं काळवंडलेली असतात, म्हणून पुस्तकाला हात लावायला त्या संकोचतात. मी वाचतो, त्या ऐकतात. एका शनिवारी मी 'अळणी भाजी' वाचलं आणि सवयीने तोच प्रश्न विचारला. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग सगळ्यांत मागे बसलेल्या मावशी म्हणाल्या, "गुरुजी, रांदल्यान तिनाच, आणि शेवटाक कळला तिकाच. ती सगळ्यांच्या मागसून जेवली म्हणान. सगळ्यांवांगडा बसली असती तर पयल्या घासाक कळला नसता?"

मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. तीस वर्षं मी तो मजकूर वाचत होतो आणि ती बाई शेवटी जेवते हे मला दिसलं नव्हतं. मजकुरात ते होतंच. त्यावरच तर गोष्ट उभी आहे, तिला उशिरा कळलं म्हणूनच गोष्ट घडली. मला ते दिसलं नाही, कारण मी जन्मभर पहिल्या पंगतीला जेवलो. माझी आई शेवटी जेवली, माझी बायको शेवटी जेवते, आणि मी वर्गात उभा राहून थोर कोण ते ठरवत होतो. त्या संध्याकाळी घरी गेलो, ताटं घेतली आणि म्हटलं, बरोबर बसू. बायकोने विचारलं, काय झालं? मला नीट सांगता आलं नाही.

यात मला संस्कार कोणी केले? साने गुरुजींनी? मावशींनी? मला वाटतं, दोघांनी मिळून एक काम केलं. गोष्टीने मला एका घरात नेलं, पण मी तिथेही माझ्याच पाटावर जाऊन बसलो होतो. मावशींनी मला पाटावरून उठवून चुलीपाशी नेलं. साहित्य वाचून अहंकार कमी होतो तो असा, आपण चुकत होतो हे कळून. नम्रतेचे पाठ पाठ करून तो कमी होत नाही, कधीकधी वाढतो. 'मी फार नम्र आहे' असं मनात म्हणत व्यासपीठावर बसलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आणि हे चुकल्याचं कळणं इतर कोणत्या मार्गाने इतकं सोसवतं? मावशींनी तेच मला तोंडावर सांगितलं असतं की गुरुजी, तुमच्या घरात बायको मागाहून जेवते, तर मी रागावलो असतो, निदान सबबी सांगितल्या असत्या. श्यामच्या घराबद्दल बोलणं चाललं होतं, म्हणून मी ऐकून घेतलं.

चांगल्या लिखाणाच्या घडणीतच ही सोय असते. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ इथल्या शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. त्यांची 'ययाती' १९५९ ची, पुढे १९७४ मध्ये तिला ज्ञानपीठ मिळालं. विषय म्हणाल तर स्वार्थाची परमावधीच: स्वतःचं सुख संपू नये म्हणून बाप मुलाचं तारुण्य मागतो. ही गोष्ट महाभारतातली, सगळ्यांना माहीत असलेली. कीर्तनात सांगितली की ऐकणारा मान हलवतो आणि म्हणतो, काय हा राजा! आपण त्यातले नव्हे, याची खात्री करून घरी जातो. खांडेकरांनी काय केलं? कथा ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडी वाटून दिली. प्रत्येक जण 'मी' म्हणून बोलतो. ययाती बोलत असतो तेव्हा त्याची घुसमट आपली वाटते, त्याची कारणं आपल्याला पटतात. मग देवयानीचा 'मी' येतो आणि तिचंही पटतं, आणि शर्मिष्ठा बोलायला लागली की आधीच्या दोघांना पटवून घेतल्याची आपली आपल्याला लाज वाटते. तीन-तीनदा आपण मध्यभागी जाऊन बसतो आणि तिन्हीदा तिथून उठवले जातो. उपदेश यातलं काय करू शकतो? भाषाशैली थोडी अलंकारिक आहे हे मला मान्य, आजच्या मुलांना ती जड जाते. पण ही रचना जड नाही.

आणि ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांच्याकडेही हे साधन होतंच. आमच्याकडच्या दशावतारी नाटकातला राजा घ्या. जत्रेच्या रात्री तो मुकुट घालून, आपल्या मनाने संवाद रचत पहाटेपर्यंत गर्जत असतो, कारण दशावताराला लिहिलेली संहिता नसते. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण त्याच्यावरूनच पडली. उजाडलं की रंग पुसून, पेटारा उचलून पुढच्या गावी. पुरुषच स्त्रियांची कामं करतात, आणि चांगला स्त्रीपार्टी शोक करायला लागला की समोर बसलेल्या म्हाताऱ्या डोळे पुसतात. नांगर धरणारा माणूस रात्रभर एका राणीचं दुःख आपलं म्हणून बोलतो. त्याने तो सज्जन होतोच असं नाही. पण आपण म्हणजे फक्त आपण नव्हे, ही गोष्ट त्याच्या अंगातून गेलेली असते.

इथवर आलो की सगळ्यांत अवघड आक्षेप समोर येतो. तो सभेत कोणी घेतला नाही, पण मला तो फार दिवस छळतो आहे. नम्रता कोणी शिकायची? कोकणात पिढ्यानपिढ्या ज्यांनी मान खाली घातली, त्यांना आणखी नम्र व्हा म्हणून सांगायचं? खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, अंगणात कूळ वहाणा काढून, हात जोडून उभं राहायचं, बोलावलं की वेठीला जायचं, आणि त्याला सगळे 'गरीब, नम्र माणूस' म्हणायचे. ती मान वर व्हायला किती काळ लागला ते पाहा. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून सहा वर्षं जमिनी कसायच्या थांबवल्या, उपास काढले. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधानसभेत मांडलं. खोती रद्द करणारा कायदा यायला १९४९ साल उजाडलं. त्या कुळांनी नम्रतेचे धडे गिरवत बसावं असं म्हणणारा माणूस साहित्याचा नव्हे, खोताचा वकील ठरेल. आमच्या सभेतले ज्येष्ठ 'मोठ्यांचा मान' म्हणाले तेव्हा मला ते अंगण आठवलं, आणि त्या मुलाचा राग मला कळला.

हा आक्षेप पूर्ण मान्य करूनही मी माझी जागा सोडत नाही, कारण खाली वाकणं आणि नम्र असणं या दोन गोष्टी आपल्या भाषेने कधीच एक मानल्या नाहीत. तुकोबांनी 'नम्र झाला भूतां, तेणें कोंडिलें अनंता' म्हटलं ते भूतमात्रापुढे नम्र होण्याबद्दल. पाटलापुढे, सावकारापुढे, पंडितापुढे नम्र व्हा असं ते म्हणत नाहीत. 'नाठाळाचे काठी देऊं माथां' हेही त्यांचंच. ज्या माणसाने स्वतःला केंद्रातून काढलं आहे त्याला दुसऱ्या कोणाला तिथे बसवण्याचं कारण उरत नाही. खोताला केंद्रात बसवून आपण त्याच्याभोवती हात जोडून उभं राहणं ही लाचारी झाली. तिच्याशी साहित्याचं जुनं वैर आहे.

ऊर्मिला पवार यांचं 'आयदान' २००३ मध्ये आलं. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या या लेखिका. वडील गेल्यावर आईने बांबूची आयदानं, म्हणजे सुपं-टोपल्या विणून पोरांना वाढवलं. डोक्यावर लाकूडफाटा, गवताचे भारे घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजारात येणाऱ्या बायका त्या पुस्तकात आहेत. माझं लहानपण रत्नागिरीत गेलं. मी त्या बाजाराच्या दुसऱ्या बाजूला वाढलो, विकत घेणाऱ्यांच्या. आमच्या दारात मोळी उतरायची, आई दोन आण्यांसाठी घासाघीस करायची, आणि मी पायरीवर बसून ती बाई पदराने मान पुसताना बघायचो. पाणी मागितलं तर वरून ओतायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आपोआप कळलेलं होतं. 'आयदान' वाचताना मला पहिल्यांदा कळलं की ती बाई पहाटे कुठून निघाली असेल, भारा उतरला नाही तर तिला तो परत चढावर न्यावा लागला असता, आणि आमच्या घासाघिशीचे दोन आणे तिच्या घरात काय होते. माझी आई वाईट नव्हती. पण मी आमच्या पायरीवरून जे जग बघत होतो, ते त्या बाईच्या डोक्यावरच्या भाऱ्याखालून कसं दिसतं, हे सांगणारं कोणी माझ्या पन्नास वर्षांत मला भेटलं नव्हतं.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. लिहिणाऱ्या बाईने 'मी' म्हटलं, ठामपणे, काही न लपवता. वाचणाऱ्याचा 'मी' लहान झाला. हे एकाच पुस्तकाच्या दोन टोकांना घडलं. ज्याला आजवर बोलू दिलं नाही त्याचं बोलणं आत्मकेंद्री नसतं, आणि ज्याने आजवर फक्त बोललं त्याला गप्प करण्यानेच पुस्तक आपलं काम करतं. मग नम्रता कोणी शिकायची, या प्रश्नाचं उत्तर मिळतं: ज्याच्या हाती तराजू आहे त्याने. सभेत ती आम्ही ज्येष्ठांनी शिकायची होती.

मालगुंडच्या केशवसुतांचं उदाहरण याच जागी अनेक जण देतात, पण उलट्या बाजूने. कवी म्हणजे अहंकाराचा पुतळा, नाहीतर 'आम्ही कोण म्हणूनि काय पुसता, आम्ही असू लाडके देवाचे' असं कोण लिहील? मला हा आरोप उथळ वाटतो. ज्या तोंडाने ते 'आम्ही' म्हटलं त्याच तोंडाने 'ब्राह्मण नाही, हिंदुहि नाही, न मी एक पंथाचा' असंही म्हटलं. जन्माने मिळालेली सगळी मोठेपणं एका ओळीत खाली ठेवायला केवढं धैर्य लागतं, आणि तेही त्या काळात! हा कवी १९०५ मध्ये प्लेगने हुबळीला गेला. आपल्या कवितांचं पुस्तक त्याने हयातीत पाहिलंच नाही. ते नंतर हरि नारायण आपट्यांनी काढलं.

आम्हा कोकणवासीयांचा अहंकार मात्र निराळाच. साने गुरुजी पालगडचे, पेंडसे मुर्डीचे, आरती प्रभू तेंडोलीचे, दळवी आरवलीचे, ही यादी आम्ही पाहुण्यांपुढे फणसाच्या गऱ्यांसारखी ठेवतो. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, म्हणजे बोरीबंदर-ठाणे आगगाडीच्याही आधीचं, हेही सांगतो. अभिमान असावा. पण आमच्याच वाचनालयाच्या देवघेवीच्या वहीत मी मागची पानं चाळली, तर यादीतल्या लेखकांची पुस्तकं वर्षात किती वेळा बाहेर गेली ते बोटांवर मोजता आलं. लेखक आमच्या मातीतला म्हणून आम्ही मोठे, हा साहित्याचा सर्वांत वाईट उपयोग आहे. त्या मुलाने हीच वही सभेत दाखवली असती तर आम्हाला उत्तर नव्हतं.

आता त्या मुलाकडे येतो, कारण हा लेख मी खरं तर त्याच्यासाठी लिहितो आहे. बाबा, तुझं म्हणणं हलकं नाही. तुझ्या आज्याच्या वेळी मुंबईची वाट होती, गिरणीत दुसऱ्याच्या खाड्याला बदली म्हणून तरी उभं राहता यायचं. १९८२ च्या संपानंतर ती वाट मोडली. आंब्याचा मोहर कधी गळेल याचा नेम नाही, घरची जमीन दहा हिस्सेदारांत. तुला परीक्षा पास व्हायचीच आहे, आणि तुला टेबल, दिवा आणि शांतता मिळालीच पाहिजे. ती न देता कादंबरीचे गोडवे गाणं हा आम्हा पोटभरल्यांचा स्वार्थ झाला.

पण तू पास झालास, एखाद्या तहसील कचेरीत खुर्चीवर बसलास, आणि समोर सातबारा घेऊन एक म्हातारी आली, असं धर. उताऱ्यावर चाळीस नावं, त्यांतली निम्मी मेलेली, भांडण एका फणसाच्या झाडावरून. ती मुद्द्यावर येणार नाही. ती तिच्या सासऱ्याच्या लग्नापासून सुरू करेल, मधे एक मेलेला दीर येईल, एक वाडी सोडून गेलेली जाऊ येईल. तू घड्याळ बघशील. नियम तुला ठाऊक असेल, तो परीक्षेत आला होता. पण तिच्या सांगण्यातलं नेमकं जे वाक्य महत्त्वाचं आहे ते त्या दिराच्या गोष्टीत कुठेतरी लपलेलं असेल, आणि ते ऐकायला येणं हे कोणत्या पुस्तकात शिकवतात? ज्याने 'तुंबाडचे खोत'सारखी पिढ्यांची गोष्ट कंटाळत, रेंगाळत का होईना शेवटपर्यंत ऐकून घेतली आहे, त्याला निदान एवढं माहीत असतं की माणूस असाच बोलतो, आणि आपल्याला हवं ते आधी सांगायला तो बांधलेला नाही. ज्याच्या सहीने दुसऱ्याचं बरंवाईट होणार त्याने ही सवय आधी लावून घ्यावी. सही हातात आल्यावर ती लागणं कठीण.

तुझ्या हातातल्या मोबाइलबद्दल मी तक्रार करणार नाही, अर्धा अभ्यास तू त्यावरच करतोस. पण त्याला तू कोण, तुला काय आवडतं, कशाने राग येतो हे सगळं ठाऊक असतं, आणि तो तेच तुझ्यापुढे ठेवतो. पुस्तकाला तू कोण ते ठाऊक नसतं. ते तुझ्यासाठी एक ओळही बदलत नाही.

आमच्या देवळात जत्रेला गाऱ्हाणं घालतात, ते तू लहानपणापासून ऐकतोस. "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरू होतं, आणि गावचे मानकरी, बारा पाचांचो मेळो, मुंबयचे चाकरमानी, गुरंढोरं, सगळ्यांचं नाव घेत जातं. प्रत्येक वाक्यामागे सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. देवळातल्या त्या गाऱ्हाण्यात 'माका' हा शब्द मी ऐकलेला नाही. त्याच देवळात पहिल्या मानावरून दावे चालतात हे खरं, शब्द उच्चारल्याने माणसं बदलत नाहीत हे मी वर मान्य केलंच आहे. पण वर्षातून एकदा तरी आपल्या तोंडून दुसऱ्याचं मागणं निघतं, आणि त्यातलं चुकलंमाकलं पदरात घे म्हणताना ते चुकणं सगळ्यांचं असतं.

पुढची सभा कार्तिकात आहे. मी एक उपसूचना मांडणार आहे. अभ्यासिकेची टेबलं रस्त्याकडच्या भिंतीला लावू, तिथे उजेड आणि पंखा आहे. वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि अहवालांचं कपाट माळ्यावर जाऊ दे, त्याने दोन टेबलांची जागा होते, मी मोजून पाहिलंय. कादंबऱ्यांची कपाटं आतल्या भिंतीला राहतील. माळ्याची शिडी उभी आहे आणि तिची एक पायरी हलते. मावशींचे गुडघे दुखतात, त्या तिथे चढणार नाहीत. गेल्या शनिवारी त्यांनी पहिल्यांदाच कपाट स्वतः उघडलं, लुगड्याला बोटं पुसली आणि 'आयदान' बाहेर काढून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, "त्या टोपल्ये इनणारणीचा पुढचा वाचा."